अंजनवेलचा विमा

ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये स्मिथ स्ट्रीटवर काचेच्या दोन उंच इमारती आहेत आणि रस्त्याच्या डोक्यावरून त्यांना जोडणारा एक गोल पादचारी पूल आहे. त्यातली जुनी, १४०० क्रमांकाची, म्हणजे एन्रॉनचं मुख्यालय. दुसरी बांधून पूर्ण होईपर्यंत कंपनीच उरली नव्हती. पुढे दोन्ही शेव्हरॉनकडे गेल्या. भारतातून पाहुणे आले की नासा दाखवायचं, गॅलरिया दाखवायचं आणि येता-जाता ही इमारत दाखवायची, असा आमचा शिरस्ता आहे. बाकीचे पाहुणे नुसती मान हलवतात. रत्नागिरी जिल्ह्यातला पाहुणा मात्र गाडीची काच खाली करून विचारतो, "हीच का ती?"

एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या प्रश्नामुळे कळलं. इथे ह्यूस्टनमध्ये एन्रॉन म्हणजे खोटे हिशेब, २ डिसेंबर २००१ ची दिवाळखोरी आणि ज्यांनी निवृत्तीची सगळी पुंजी कंपनीच्या शेअरमध्ये ठेवली होती त्या नोकरदारांचे हाल. दाभोळचा उल्लेख आलाच तर एखाद्या ओळीत. आंतरराष्ट्रीय गुंतवणूक शिकवणाऱ्या वर्गांत मात्र दाभोळला मानाचं पान आहे, आणि त्या पानाचं नाव 'राजकीय जोखीम'. परदेशी कंपनीने करार केला, पैसा ओतला, सरकार बदललं, नव्या सरकारने करार मोडला. महाराष्ट्रात हीच गोष्ट उलटी सांगतात: बाहेरची कंपनी आली, अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना गुंडाळलं आणि वीज मंडळ बुडवून गेली. दोन्ही गोष्टींत बरंच खरं आहे. पण त्या एकमेकींत कशा अडकल्या आहेत, हे कोणी सहसा सांगत नाही.

आधी नावाचा घोळ. प्रकल्प दाभोळचा म्हणतात, पण तो दाभोळला नाही. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या उत्तर तीरावर दापोली तालुक्यातलं दाभोळ आहे. दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातलं अंजनवेल, वेलदूर, रानवी. गोपाळगड अंजनवेललाच आहे. प्रकल्प उभा राहिला तो या बाजूला. दाभोळ हे एकेकाळचं मोठं बंदर, घोड्यांच्या आणि कापडाच्या व्यापाराचं. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने दीवच्या लढाईला जाता जाता ते जाळून टाकलं. सत्तेच्या भांडणात व्यापाऱ्याचा माल जळण्याचा अनुभव या खाडीला जुना आहे. पाचशे वर्षांपूर्वी विमा तेवढा नव्हता.

१९९१ मध्ये भारताचा परकीय चलनाचा साठा संपत आला, सोनं गहाण पडलं आणि दारं उघडली गेली. वीजनिर्मितीत खाजगी परदेशी भांडवल यावं म्हणून दिल्लीने जी धोरणं आखली, त्यांत भागभांडवलावर १६ टक्के परताव्याची सोय होती, आणि तोही केंद्र ६८.५ टक्के क्षमतेने चाललं तरी. त्यापेक्षा जास्त चाललं तर वर आणखी. मे-जून १९९२ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांचं शिष्टमंडळ अमेरिकेत फिरून गेलं. जूनच्या मध्यावर एन्रॉनची मंडळी मुंबईत उतरली आणि २० जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाहीत, स्पर्धा नाही. मुख्यमंत्री तेव्हा सुधाकरराव नाईक होते. प्रत्यक्ष वीजखरेदी करार झाला ८ डिसेंबर १९९३ रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना. एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल प्रत्येकी १०. यातली मेख अशी की जनरल इलेक्ट्रिक टर्बाइन विकणार होती आणि बेक्टेल बांधकाम करणार होती, म्हणजे भागधारक म्हणून जे बुडेल त्यातलं काही ठेकेदार म्हणून आधीच हातात येणार होतं.

करार होण्याआधीच, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. कारण राजकीय नव्हतं, साधं हिशेबी होतं. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर एवढं मोठं केंद्र बारा महिने चालवणं महाग पडेल, ते राज्याच्या गरजेपेक्षा मोठं आहे, आणि त्यासाठी कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. आठ वर्षांनी जे घडलं ते जवळजवळ शब्दशः हेच. म्हणून दाभोळला निव्वळ राजकीय जोखमीचं उदाहरण म्हणणाऱ्यांना मी आधी त्या नकाराची आठवण करून देतो.

एन्रॉनला धोका दिसत नव्हता असं मात्र मुळीच नाही. तिने धोक्याला इतकी कुंपणं घातली की करार म्हणजे एक किल्लाच झाला. वीज मंडळाने पैसे द्यायचे. त्याने नाही दिले तर राज्य सरकारची हमी. राज्याने हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी. तंटा झाला तर लवाद लंडनला. सरकार सार्वभौम आहे म्हणून त्याच्या मालमत्तेवर जप्ती येणार नाही, ही नेहमीची ढालही सरकारने करारात खाली ठेवली. देयकाचं सूत्र डॉलरला बांधलेलं, म्हणजे रुपया घसरला तर ती झीज मंडळाची. इंधन महागलं तर तीही मंडळाची. आणि वीज घेतली नाही तरी क्षमतेचं भाडं द्यायचंच. महिन्याच्या बोलीवर टॅक्सी ठरवावी आणि ती दारात उभी राहिली तरी पैसे मोजावेत, तसं. फरक इतकाच की ही बोली वीस वर्षांची होती.

या सगळ्यावर कळस म्हणजे ओपिक. 'ओव्हरसीज प्रायव्हेट इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन' ही १९७१ मध्ये सुरू झालेली अमेरिकन सरकारी संस्था. परदेशात गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना ती तीन गोष्टींचा विमा देई: तिथलं चलन डॉलरमध्ये बदलून बाहेर नेता आलं नाही तर, मालमत्ता सरकारजमा झाली तर, आणि युद्ध किंवा दंगलीत नुकसान झालं तर. महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने अशा हमी देणं सुरू केलं होतं, त्याच झाडाची ही फांदी. दाभोळला ओपिकने कर्जही दिलं आणि विमाही.

आता हे सगळं अंजनवेलच्या बाजूने पाहा. दिल्लीची प्रतिहमी, लंडनचा लवाद, वॉशिंग्टनचा विमा. गावकऱ्याला, किंवा मुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्या कारकुनाला, यातून काय कळणार? इतकं राखून ठेवलंय म्हणजे यात काहीतरी काळं आहे, हेच. त्यातून कराराची प्रत गोपनीय. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या इंजिनिअर मंडळींनी मिळतील ते आकडे घेऊन हिशेब मांडला आणि दर कसे फुगतील ते दाखवलं, तेव्हा लोकांना पहिल्यांदा बेरीज-वजाबाकी दिसली. आणि जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, भारतीयांचं शिक्षण करण्यावर आणि प्रकल्प घडवण्यावर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले, असं सहज सांगून टाकलं. ह्यूस्टनच्या कार्यालयीन भाषेत त्याचा अर्थ वकील, सल्लागार, बैठका, विमानप्रवास असा असेल. महाराष्ट्रात 'शिक्षण' या शब्दाचा जो अर्थ लागायचा तो लागला. धोका टाळायला उभारलेली प्रत्येक भिंत अशी भाषणात दाखवायला उपयोगी पडली. राजकीय जोखमीबद्दलच्या पुस्तकी चर्चेत ही बाजू मला फार क्वचित भेटते. तिथे जोखीम पावसासारखी आभाळातून पडते. छत्रीच पाऊस ओढवून आणते, हे छत्री विकणारा कशाला सांगेल?

निवडणूक आली. युतीच्या प्रचारात गोपीनाथ मुंडे एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवायची भाषा करत होते. एन्रॉनने घाई करून मार्च १९९५ च्या सुरुवातीलाच कर्जाची कागदपत्रं पूर्ण केली आणि काम सुरू केलं. जमिनीत जितकं काँक्रीट जाईल तितकं मागे फिरणं अवघड, हा हिशेब. १४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. मुंडेंच्या समितीने अहवाल दिला आणि ३ ऑगस्टला सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. एन्रॉन लंडनला लवादाकडे गेली. राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं, करार गैरमार्गाने झाला म्हणून तो मुळातच रद्दबातल ठरवा, असं म्हणत.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकाप्रमाणे. पण नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क 'मातोश्री'वर जाऊन बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या, वाटाघाटींसाठी गट नेमला गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने सुधारित प्रकल्पाला मान्यता दिली. दर कमी झाल्याचं सांगितलं गेलं. क्षमता मात्र २,०१५ मेगावॉटवरून २,१८४ वर गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. नव्या करारात तो बंधनकारक झाला. म्हणजे समुद्रात बुडवायला निघालेल्या सरकारने पवारांच्या काळातल्यापेक्षा मोठं ओझं राज्याच्या खांद्यावर घेतलं. केंद्राच्या प्रतिहमीवर नव्याने शिक्कामोर्तब केलं ते मे १९९६ मधल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, जाता जाता. ज्या सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकता येत नव्हता त्याला वर्षानुवर्षांची हमी देता आली. हे वाचून अजूनही हसू येतं, आणि हसून झाल्यावर राग येतो.

त्यानंतर विरोधाची जागा बदलली. विधानसभेतून तो वेलदूर आणि अंजनवेलच्या रस्त्यावर आला. मच्छीमारांना खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची भीती होती, बागायतदारांना आंब्याची. १९९७ मध्ये मोर्चे, अटका, लाठीमार झाले. ३ जूनच्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस घुसले आणि बायकांना घरातून ओढून मारहाण झाली. 'ह्यूमन राइट्स वॉच'ने जानेवारी १९९९ मध्ये यावर आख्खा अहवाल काढला आणि कंपनीलाही त्यात जबाबदार धरलं. विम्याच्या भाषेत हिंसाचार म्हणजे कंपनीच्या मालमत्तेला होणारा उपद्रव. वेलदूरच्या बायकांच्या पाठीवर जे झालं त्याला त्या भाषेत रकाना नव्हता. मी हे वक्तृत्व म्हणून लिहीत नाही. पॉलिसीत खरोखरच तसा रकाना नसतो.

पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला. नाफ्थ्यावर. मग जागतिक बँकेचं गणित एकेक पायरीने खरं होऊ लागलं. करार झाला तेव्हा डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००० च्या अखेरीस तो ४६ च्या पुढे गेला. १९९८ च्या शेवटी पिंपामागे दहा डॉलरच्या आसपास असलेलं तेल २००० मध्ये तिसाच्या वर पोचलं. वीज महाग झाली म्हणून मंडळ कमी घेऊ लागलं. कमी घेतली की ठरलेलं भाडं थोड्या युनिटांवर विभागलं जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग पडे. २००० च्या अखेरीस युनिटचा भाव सात रुपयांपर्यंत गेला. मंडळाकडे तेवढे पैसे येतच नव्हते. गळती, चोरी, शेतीची स्वस्त वीज, थकलेली बिलं हे दुखणं जुनंच. करारावर सही करताना ते कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, आणि एन्रॉनला तर नक्की माहीत होतं. उगाच का तीन-तीन हमी घेतल्या?

ऑक्टोबर १९९९ मध्ये सरकार पुन्हा बदललं होतं. विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मूळ करार करणाऱ्यांचाच पक्ष होता, आणि आता तेच म्हणू लागले की हा करार परवडत नाही. म्हणजे नऊ वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या पक्षाने एन्रॉनच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून दाखवलं. त्यामुळे हा अमुक पक्षाचा धोका होता असं म्हणताच येत नाही. रेमंड व्हर्नन या अर्थतज्ज्ञाने १९७१ च्या सुमारास एक साधी गोष्ट मांडली होती: परदेशी कंपनी दारात उभी असते तेव्हा सरकार तिच्या विनवण्या करतं, कारखाना एकदा जमिनीत रुतला की पारडं फिरतं, कारण कारखाना उचलून परत नेता येत नाही. एन्रॉनने १९९५ मध्ये घाईने काँक्रीट ओतलं ते सरकारला अडकवायला. २००१ मध्ये पहिला टप्पा उभा होता आणि दुसरा नव्वद टक्क्यांच्या वर झाला होता. आता त्या काँक्रीटमध्ये पाय तिचे होते.

शेवट झपाट्याने आला. मंडळाने बिलं थकवली. फेब्रुवारी २००१ मध्ये एन्रॉनने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मंडळाने उलट दंड मागितला, कारण सांगितलेल्या वेळात केंद्र पूर्ण क्षमतेला पोचलं नव्हतं: ४०१ कोटी रुपये. एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीने अहवाल दिला आणि एकामागून एक सरकारांनी व यंत्रणांनी आपापली जबाबदारी कशी टाळली ते मांडलं. ज्यांना एन्रॉनची गोष्ट एकाच खलनायकाची वाटते त्यांनी ते जरूर वाचावं. मेमध्ये मंडळाने करार रद्द केला आणि महिनाअखेरीस जनित्रं थांबली. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनला आलेल्या सोनिया गांधींकडे हा विषय काढला. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये, कारण इथे 'राजकीय' हे विशेषण नेहमी दुसऱ्या देशाला लावलं जातं. १९९५ मध्ये करार वाचवायला धडपडलेले अमेरिकेचे राजदूत फ्रँक विझ्नर निवृत्तीनंतर एन्रॉनच्याच एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले, हे राजकारण कुठल्या देशातलं?

डिसेंबरमध्ये एन्रॉन स्वतःच गेली. दाभोळमुळे नव्हे, पण दाभोळ विकून पैसा उभा करता आला नाही हेही त्या कोसळण्याच्या आधीच्या महिन्यांतलं एक दुखणं होतं. उरले जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. त्यांनी ओपिककडे विम्याचा दावा लावला. ओपिकने नकार दिल्यावर प्रकरण अमेरिकेतल्या लवादापुढे गेलं आणि सप्टेंबर २००३ मध्ये निर्णय आला: महाराष्ट्र सरकार, वीज मंडळ, वीज नियामक आयोग, शिवाय लवादाची वाट अडवणारे भारतीय न्यायालयांचे आदेश, हे सगळं मिळून मालमत्ता हिरावून घेतल्यासारखंच आहे, सबब विमा द्यावा. कोणी कुंपणात घुसलं नव्हतं, कुलूप लावलं नव्हतं. बिल न भरणं आणि दाद मागण्याची दारं बंद करणं यालाच सरकारजमा करणं म्हटलं गेलं.

ओपिकने पैसे दिले आणि ते वसूल करायला २००४ मध्ये अमेरिकन सरकार भारत सरकारविरुद्ध लवादात उतरलं. दुसरीकडून या कंपन्या मॉरिशसमार्गे आल्या. त्यांची दाभोळमधली गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांतून झालेली होती आणि भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार त्यांना मिळाला. ज्या बेटावर आपले मराठी पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले, त्याच बेटावरची कागदोपत्री कंपनी कोकणातल्या वीज केंद्राची मालकीण होती. एप्रिल २००५ मध्ये लवादाचा निकाल महाराष्ट्राविरुद्ध गेला आणि जुलैमध्ये तडजोड झाली: बेक्टेलला १६ कोटी डॉलर, जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी.

म्हणजे ज्यांच्याकडे विमा, तह आणि वकील होते त्यांनी आपली जोखीम बऱ्यापैकी वसूल केली. भारतीय वित्तसंस्थांनी, म्हणजे आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक, आयएफसीआय यांनी, यात प्रचंड कर्जं दिली होती. शिवाय परदेशी कर्जांपैकी काहींना त्यांनीच हमी दिल्या होत्या. परदेशी सावकाराची जोखीम अशी फिरून दादर-पार्ल्यातल्या ठेवीदाराच्या बँकेत येऊन बसली होती. इतर गुंतवणूकदारांनीही धडा घेतला, पण प्रत्येकाने वेगळा. कोजेंट्रिक्सने मंगळूरचा प्रकल्प डिसेंबर १९९९ मध्येच सोडला होता. पुढची कित्येक वर्षं अमेरिकन वीज कंपन्या भारताकडे फिरकल्या नाहीत, आणि त्यात ज्यांचे करार स्वच्छ असते त्याही असतील.

जुलै २००५ मध्येच एनटीपीसी आणि गेल यांनी 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी काढली आणि पुढे तिने केंद्र ताब्यात घेतलं. खाजगी परदेशी भांडवलाचा झेंडा म्हणून उभारलेलं केंद्र सरकारी झालं. ते चाललं ते कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूवर. तो आटला तेव्हा २०१३ मध्ये पुन्हा थांबलं. द्रवरूप वायूचं पहिलं जहाज जानेवारी २०१३ मध्ये लागलं, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा राहिल्याने पावसाळ्यात धक्का कित्येक वर्षं बंदच ठेवावा लागे. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेने इथली सुमारे ५०० मेगावॉट वीज घ्यायला सुरुवात केली. स्मिथ स्ट्रीटवर गाडीची काच खाली करणाऱ्या आमच्या रत्नागिरीच्या पाहुण्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आम्ही लोकलने जातो ती एन्रॉनच्या विजेवर?" थोडीशी, असेल, असं मी म्हटलं. सिग्नल सुटला होता, मागच्या गाडीने हॉर्न दिला.